मेमरीचा हिशेब आणि हिश्श्याचा न्याय
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सर्व्हरवर चालणारी प्रत्येक प्रोसेस किती मेमरी वापरते, हे कसे तपासावे, असा हा विषय आहे. हे तर इंजिनियर लोकांचे काम, त्यात आपल्याला काय कळणार, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. परंतु मी स्वतः बी.ए., बी.एड. आहे आणि भाषा व इतिहास शिकवतो. ज्याला दुकानाची रोजकीर्द ठेवता येते, ज्या गृहिणीला महिन्याच्या किराण्याचा हिशेब तोंडपाठ असतो, तिला आणि त्याला हा विषय समजतो, या खात्रीनेच मी तो निवडला आहे. कारण मुळात हा विषय हिशेबाचा आहे, आणि हिशेबापेक्षाही जास्त तो न्यायाचा आहे.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. जो संगणक स्वतःपुढे बसलेल्या एका माणसाचे काम न करता, दूरवरच्या पुष्कळ माणसांची कामे एकाच वेळी करतो, त्याला सर्व्हर म्हणतात. दहावीचा निकाल आपण मोबाइलवर पाहतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, कॉलेजच्या प्रवेशाची यादी पाहतो. या प्रत्येक वेळी कोठेतरी एक सर्व्हर आपल्याला उत्तर देत असतो. अर्जाच्या शेवटच्या रात्री तो सर्व्हर बंद पडला, तर कागदपत्रे तयार असूनही एखाद्या मुलीचे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून सर्व्हर का थकतो आणि त्याचा थकवा कसा ओळखावा, हा प्रश्न आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

आता मेमरी. शिंप्याचे दुकान डोळ्यांपुढे आणा. मागे भिंतीला लागून फळ्या असतात, त्यांवर कापडाचे तागे रचलेले असतात. पुढे कापड बेतण्याचे टेबल असते. फळ्या म्हणजे संगणकाची डिस्क. तेथे माल पुष्कळ मावतो, पण काढायला वेळ लागतो. टेबल म्हणजे मेमरी. जागा थोडी, पण काम होते ते तेथेच. कापड फळीवर असताना त्याचा सदरा शिवता येत नाही. तद्वतच कोणताही प्रोग्राम चालायचा म्हणजे त्याला मेमरीत जागा लागते. चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात आणि प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक मिळतो, जसा हजेरीपटावर प्रत्येक मुलाला मिळतो. एका टेबलावर दहा कारागीर काम करीत असले आणि अकराव्याला जागा उरली नाही, तर कोणी किती जागा अडवली आहे, हे पाहावेच लागते.

जगातील फार मोठ्या संख्येने सर्व्हर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात. युनिक्स ही तिची पूर्वज प्रणाली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली जन्माला आली. लिनक्स १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली. तेव्हा तो अवघ्या २१ वर्षांचा होता. ही प्रणाली कोणालाही विनामूल्य मिळते आणि तिच्या आतील रचना कोणालाही उघडून पाहता येते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. तरीही हीच प्रणाली आपल्या शाळेतील एखाद्या जुन्या, टाकून दिलेल्या संगणकावरही चालते. गरिबाच्या मुलाला आणि श्रीमंताच्या मुलाला एकच साधन मिळावे, अशी उदाहरणे जगात थोडी आहेत; हे त्यांपैकी एक आहे.

लिनक्समध्ये मेमरीचा हिशेब पाहण्याची पहिली आज्ञा म्हणजे 'फ्री'. ती दिली की पडद्यावर काही रकाने उमटतात. येथेच नवशिका घाबरतो. समजा, यंत्रात एकूण ३८०० एमबी मेमरी आहे आणि 'फ्री' या रकान्यात फक्त २०० एमबी दिसते. तो म्हणतो, मेमरी संपली, नवीन विकत आणा! पण शेजारच्या 'बफ-कॅश' या रकान्यात २५०० एमबी आहे आणि अगदी शेवटच्या 'अव्हेलेबल' या रकान्यात २४०० एमबी आहे, इकडे त्याचे लक्षच गेलेले नसते.

याचे कारण असे. शहाणा शिंपी रिकाम्या टेबलावर आताच वापरलेली कात्री, खडू आणि अर्धा उलगडलेला तागा तसाच राहू देतो. पुन्हा लागला तर फळीपर्यंत हेलपाटा नको. नवे गिऱ्हाईक आले आणि जागा हवी झाली, की तो ते सामान क्षणात बाजूला सारतो. लिनक्सही डिस्कवरून एकदा वाचलेल्या फायली रिकाम्या मेमरीत ठेवून देते आणि कोणा प्रोसेसला जागा लागली की ती सोडते. टेबल भरलेले दिसते, पण अडलेले नसते. म्हणून 'फ्री' हा आकडा पाहून रडू नये; 'अव्हेलेबल' हा आकडा पाहून निर्णय करावा. हा अंदाज स्वतः प्रणालीनेच काढून द्यावा, अशी सोय लिनक्सच्या गाभ्यात २०१४ साली आली.

एकूण शिल्लक कळली. आता कोणाच्या नावावर किती खर्च पडला आहे, ते पाहू. त्यासाठी 'टॉप' नावाची आज्ञा आहे. ती दिली की चालू प्रोसेसची यादी येते आणि दर काही सेकंदांनी बदलत राहते. कळफलकावर मोठ्या लिपीतला एम दाबला की सर्वांत जास्त मेमरी घेणारी प्रोसेस वर येते. या यादीत प्रत्येक नावापुढे तीन आकडे असतात आणि ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. बहुतेक गोंधळ होतो तो या तिघांना एकच समजल्यामुळे.

पहिला आकडा 'व्हर्ट'. लग्नाच्या वलीम्याला आपण हजार आमंत्रणे वाटतो. हजारही माणसे एकाच वेळी पंगतीला बसत नाहीत. 'व्हर्ट' म्हणजे त्या प्रोसेसने मागून ठेवलेली, कागदावरची जागा, वाटलेली आमंत्रणे. हा आकडा यंत्रातील एकूण मेमरीपेक्षाही मोठा असू शकतो आणि त्यात काही वावगे नाही. तो पाहून कोणावरही आरोप करू नये. कागदावरची जागा आणि खरी जागा अशी फोड करण्याची ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलास या संगणकात ती प्रथम प्रत्यक्षात आली.

दुसरा आकडा 'रेस', म्हणजे रेसिडेंट, वास्तव्यास असलेली मेमरी. हे पंगतीला खरोखर बसलेले लोक. त्या प्रोसेसची जेवढी पाने या घटकेला मेमरीत आहेत, तेवढीच यात मोजली जातात. मेमरी ही वहीसारखी पानापानांनी दिली जाते आणि आपल्या नेहमीच्या संगणकांत हे पान ४०९६ बाइटांचे, म्हणजे ४ केबीचे असते. 'पीएस' नावाची दुसरी आज्ञा हाच आकडा केबीत देते.

तिसरा आकडा 'एसएचआर', म्हणजे शेअर्ड. 'रेस'मधील किती भाग इतरांच्या सामाईक वापराचा असू शकतो, ते हा सांगतो. आजच्या व्याख्यानाचा जीव या तिसऱ्या आकड्यात आहे.

आपल्याकडे दावतीत एका मोठ्या थाळाभोवती पाच जण बसून जेवतात. जेवण आटोपल्यावर एक मोजणारा दारात उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागला, "तुमच्यापुढे थाळ होता का?" प्रत्येक जण प्रामाणिकपणे म्हणाला, "होय." शंभर माणसे बाहेर पडली आणि त्याने वहीत शंभर थाळ लिहिले. मुदपाकखान्यातून मात्र वीसच थाळ गेले होते. कोणीही खोटे बोलले नाही. सर्वांची उत्तरे खरी, तरीही बेरीज खोटी. कारण जी वस्तू सामाईक होती, ती त्याने प्रत्येकाच्या नावावर पुरी लिहिली.

सर्व्हरवर नेमके असेच घडते. वेबसाइट चालवणारा प्रोग्राम पुष्कळदा स्वतःसारख्याच अनेक प्रोसेस जन्माला घालतो, म्हणजे एकाच वेळी अनेकांना उत्तरे देता येतात. मूळ प्रोसेसला पालक आणि तिच्यापासून निघालेल्यांना अपत्ये म्हणतात. इंग्रजीतही हेच शब्द रूढ आहेत. अपत्य जन्मते तेव्हा लिनक्स त्याला नवे घर बांधून देत नाही. ते पालकाच्याच घरात राहते, तीच पाने वापरते. एखाद्या पानावर त्याला काही बदल करायचा असेल, तेव्हाच त्या एका पानाची वेगळी प्रत काढून त्याला दिली जाते. एकत्र कुटुंबातला मुलगा वडिलांच्याच घरात नांदतो आणि गरज पडली तेव्हा आपल्यापुरती एक खोली वाढवतो, तसेच हे.

आता एक उदाहरण करून पाहा. मुलांनी वहीत लिहून घ्यावे. समजा, एका यंत्रात २०४८ एमबी मेमरी आहे. त्यावर वेबसाइटच्या १२ प्रोसेस चालू आहेत. प्रत्येकीचा 'रेस' २०० एमबी दिसतो. बारा गुणिले दोनशे, म्हणजे २४०० एमबी. यंत्रात जेवढी मेमरी आहे त्याहून जास्त वापरली गेली! हे कसे शक्य आहे? शक्य नाहीच. त्या २०० पैकी १५० एमबी सर्वांची सामाईक आहे आणि ५० एमबी प्रत्येकीची स्वतःची. खरा खर्च असा: बारा गुणिले पन्नास, म्हणजे ६००, अधिक सामाईक १५०, एकूण ७५० एमबी. कोठे २४०० आणि कोठे ७५०! ज्याने वरवरची बेरीज केली, तो संस्थेला नवे यंत्र घ्यायला लावील. ज्याने नीट मोजले, तो तेच यंत्र पुढे वापरील.

मग प्रत्येकीच्या नावावर न्यायाने किती लिहावे? उत्तर आपल्या ओळखीचे आहे: सामाईक वस्तू वापरणाऱ्यांत वाटून टाकावी. १५० भागिले १२, म्हणजे साडेबारा. स्वतःचे ५० आणि हिश्श्याचे साडेबारा, मिळून साडेबासष्ट एमबी. असे बारा हिस्से एकत्र केले की बरोबर ७५० भरतात. या आकड्याला 'पीएसएस' म्हणतात; मी त्याला प्रमाणशीर हिस्सा म्हणतो. आणि जी ५० एमबी निव्वळ त्या प्रोसेसची आहे, तिला 'यूएसएस' म्हणतात. ती प्रोसेस बंद केली तर परत मिळेल ती एवढीच ५० एमबी. २०० मिळतील या आशेने कोणी तिला बंद केले, तर त्याच्या पदरी निराशाच पडेल.

मित्रहो, हिश्श्यांचे हे गणित आपल्याला परके नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये खलीफा मामून यांच्या काळात अल्-ख्वारिज्मी नावाचे गणिती होऊन गेले. त्यांच्या ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरून अल्जेब्रा, म्हणजे बीजगणित, हे नाव जगभर झाले आणि त्यांच्या स्वतःच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, ज्याच्यावाचून आज संगणकाचे एकही पुस्तक पुरे होत नाही. त्या ग्रंथाचा मोठा भाग कशाविषयी आहे? वारसा आणि मृत्युपत्र यांतील हिस्से कसे काढावेत, याविषयी. बीजगणित आकाशातून उतरले नाही. कोणाचाही हक्क बुडू नये आणि कोणाच्या पदरी जास्त पडू नये, या चिंतेपोटी ते हिशेबाच्या वहीत वाढले. परंतु केवळ पूर्वजांचे नाव घेऊन आपले भागणार नाही. पूर्वजांनी हिशेब केला, म्हणून त्यांचे नाव राहिले. आपणही करू, तरच आपले राहील.

हा प्रमाणशीर हिस्सा पाहायचा कोठे? लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाचे एक दप्तर असते. ते डिस्कवर कोठेही नसते. आपण विचारताक्षणी प्रणालीचा गाभा ते लिहून देतो. त्यात प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाचा एक कप्पा असतो. कप्प्यातील 'स्टेटस' या फायलीत मागितलेली मेमरी, वास्तव्यास असलेली मेमरी आणि डिस्कवर हलवलेली मेमरी, असे तिन्ही आकडे साध्या अक्षरांत वाचता येतात. प्रमाणशीर हिस्सा 'स्मॅप्स' या फायलीत पानांच्या गटागटाने दिलेला असतो आणि त्याची एकत्र बेरीज 'स्मॅप्स-रोलअप' या फायलीत असते. ही दुसरी सोय २०१७ सालची. 'एसमेम' नावाचा एक छोटा प्रोग्राम बसवून घेतला, तर तो हे सारे कप्पे चाळून एकच तक्ता मांडून देतो. मात्र दुसऱ्याच्या प्रोसेसचे हे तपशील पाहायचे असतील, तर यंत्राच्या मुख्य चालकाचा अधिकार लागतो. तो योग्यच आहे. परवानगीवाचून दुसऱ्याची वही कोणी उघडू नये.

सूक्ष्म हिशेब करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. सर्व प्रोसेसचे हिस्से मिळवले तरी एकूण वापराशी ते तंतोतंत जुळत नाहीत, कारण प्रणालीचा गाभा स्वतःसाठीही मेमरी वापरतो आणि ती कोणत्याही प्रोसेसच्या नावावर पडत नाही. दुसरे असे, की जागा कमी पडली तर काही पाने डिस्कवरील 'स्वॅप' नावाच्या जागेत हलवली जातात. अशा प्रोसेसचा 'रेस' लहान दिसतो, म्हणून ती अल्पसंतुष्ट आहे असे समजू नये. तिचा संसार निम्मा माळ्यावर गेलेला असतो. 'व्हीएमस्टॅट' ही आज्ञा दिली की पाने किती वेगाने वर-खाली होत आहेत ते दिसते. ही ये-जा सतत मोठी असेल, तर मेमरी खरोखर अपुरी पडते आहे, आणि तेव्हा नव्या खरेदीचा विचार करणे रास्त ठरते.

आता सर्वांत गंभीर भागाकडे वळू. लिनक्स प्रत्येकाला मागेल तेवढी आमंत्रणे वाटते, या भरवशावर की सारे एकदम येणार नाहीत. पण एखाद्या रात्री सारेच आले आणि जागा संपली, तर काय होते? तेव्हा गाभ्यातील एक कठोर कारभारी जागा होतो. त्याला 'ओओएम किलर' म्हणतात. तो प्रत्येक प्रोसेसला एक गुण देतो आणि ज्याचा गुण सर्वांत मोठा, त्याला जागच्या जागी ठार करतो. हा गुण मुख्यतः कोण किती मेमरी धरून आहे, यावरून ठरतो. येथे नीट लक्ष द्या. तो मोठ्याला मारतो. दोषीला मारतोच असे नाही. सर्व्हरवर सर्वांत मोठी प्रोसेस बहुधा डेटाबेसची असते, म्हणजे जेथे सर्वांच्या नोंदी राहतात त्या भांडाराची. तिचे कामच मोठे, म्हणून तिची जागा मोठी. जागा फुगवत नेतो दुसराच आणि बळी जातो तिचा. सकाळी चालक येतो, डेटाबेस पडलेला पाहतो आणि म्हणतो, डेटाबेसच खराब आहे!

जिल्ह्यातील एका शाळेत हेच घडले. त्या शाळेच्या कार्यालयात ३८०० एमबी मेमरीचा एक छोटा सर्व्हर होता. दर चार-पाच दिवसांनी तो अडायचा. कोणी म्हणाले, डेटाबेस बदला. कोणी म्हणाले, नवे यंत्र घ्या, त्यासाठी चंदा गोळा करू. बंद करून पुन्हा चालू केले की चार दिवस बरे चालायचे, म्हणून तेच औषध झाले होते. शेवटी तेथील शिक्षकांनी एक वही घातली. ते आज्ञा द्यायचे आणि नववीतील दोन मुली रोज सकाळी ११ वाजता प्रत्येक प्रोसेसचा प्रमाणशीर हिस्सा त्या वहीत उतरवायच्या. डेटाबेसपुढे चारही दिवस १४०० एमबीच्या आसपास आकडा होता. वेबसाइटच्या प्रोसेस मिळून ७०० एमबीच्या आसपास स्थिर होत्या. गुणपत्रके छापणारा एक लहानसा प्रोग्राम मात्र सोमवारी ९०, मंगळवारी ५१०, बुधवारी ९४० आणि गुरुवारी १३६० एमबीवर गेला. गुरुवारी दुपारी जागा संपली आणि मारला गेला तो डेटाबेस, कारण त्या घटकेलाही तोच सर्वांत मोठा होता. यंत्राच्या नोंदवहीत मेमरी संपल्याची आणि अमुक क्रमांकाची प्रोसेस मारल्याची ओळ होतीच. तोवर ती कोणी वाचली नव्हती.

दोष काय निघाला? तो प्रोग्राम प्रत्येक विद्यार्थ्याचे छायाचित्र मेमरीत घ्यायचा आणि काम झाल्यावर ती जागा परत करीत नसे. याला मेमरीची गळती म्हणतात. मला त्यासाठी आपला जुना शब्द अधिक योग्य वाटतो: अमानत. मेमरी ही प्रोसेसला मिळालेली अमानत आहे. काम झाले की ती परत करायची असते. ज्याने तो प्रोग्राम लिहिला होता, त्याने दुरुस्ती केली. यंत्र तेच राहिले आणि चंद्याची पावतीपुस्तके कपाटातच राहिली.

या उदाहरणातून दिसते, की एका क्षणाचा आकडा किती मोठा, यापेक्षा तो दिवसागणिक कसा बदलतो हे महत्त्वाचे असते. मोठे पण स्थिर, ते बहुधा निर्दोष. लहान पण दिवसेंदिवस वाढणारे आणि कधीही न उतरणारे, त्याच्यावर नजर ठेवावी. घराच्या जमाखर्चातही हेच खरे नाही का? भाड्याचा आकडा मोठा असतो, पण तो ठरलेला असतो. संसार बुडतो तो रोज थोड्या वाढणाऱ्या खर्चाने.

अशी चूक छोट्या शाळेतच होते असे नाही. अमेरिकेच्या नासा या संस्थेने 'स्पिरिट' नावाची गाडी मंगळावर पाठवली. जानेवारी २००४ मध्ये ती तेथे उतरली आणि २१ जानेवारीला तिचा नेहमीचा संवाद तुटला. ती पुन्हा पुन्हा बंद होऊन आपोआप चालू होत होती. शोध घेतल्यावर कळले, की तिच्या साठवणुकीत फायलींची संख्या फार वाढली होती, आणि त्या सर्व फायलींची सूची सांभाळायला जेवढी मेमरी लागत होती, तेवढी उपलब्धच नव्हती. पृथ्वीवरील तंत्रज्ञांनी तिला ती साठवण न उघडता चालू होण्याचा आदेश दिला, नको असलेल्या फायली काढल्या, आणि फेब्रुवारीत ती पुन्हा कामाला लागली. ९० दिवसांसाठी पाठवलेल्या त्या गाडीशी संपर्क पुढे मार्च २०१० पर्यंत टिकला. तेथे जाऊन यंत्र बदलणे शक्य नव्हते. कारण शोधणे एवढेच हातात होते, आणि ते पुरले.

आता विद्यार्थ्यांनी करावयाच्या गोष्टी क्रमाने सांगतो. पहिली, 'फ्री' देऊन 'अव्हेलेबल' हा आकडा पाहा. दुसरी, 'टॉप'मध्ये मोठा एम दाबून 'रेस'प्रमाणे वरची दहा नावे लिहून घ्या. 'व्हर्ट'ला घाबरू नका. तिसरी, एकाच नावाच्या अनेक प्रोसेस असतील तर 'रेस'ची बेरीज करू नका, प्रमाणशीर हिस्सा पाहा. चौथी, ठरलेल्या वेळी निदान चार-पाच दिवस नोंद ठेवा. पाचवी, काही बंद पडले असेल तर यंत्राची नोंदवही वाचा, आणि कोण मारला गेला व कोण वाढत होता, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. सहावी, दोषी सापडला आणि दुरुस्तीला वेळ असेल, तर त्याच्यापुरती मर्यादा घाला. आजच्या लिनक्सवर 'मेमरीमॅक्स' ही मर्यादा प्रत्येक सेवेला लावता येते. मग ती सेवा मर्यादा ओलांडील तर तीच पडेल, शेजारी नाही. हे सर्व शाळेच्या सरावाच्या यंत्रावर, शिक्षकांच्या परवानगीने करा.

ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनीही निराश होऊ नये. ॲन्ड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सच आहे. त्यातील सर्व ॲप 'झायगोट' नावाच्या एकाच मूळ प्रोसेसपासून जन्मतात आणि पुष्कळ पाने सामाईक वापरतात. म्हणून तेथेही ॲपचा भार मोजताना हाच प्रमाणशीर हिस्सा काढतात. आज आपण जे शिकलो, ते आपल्या खिशातच चालू आहे.

पालकांना माझी दोन विनंत्या आहेत. मुलाने महागडा संगणक मागितला, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. आहे तो किती वापरला जातो, हे मोजून दाखव, असे सांगा. जो मुलगा मोजून दाखवील, त्याच्या हाती यंत्र देणे वाया जाणार नाही. दुसरी विनंती मुलींविषयी. वर सांगितलेली वही दोन मुलींनी भरली होती. या कामाला ताकद लागत नाही आणि रोज नेमाने नोंद करण्याची चिकाटी आपल्या मुलींत भरपूर आहे. त्यांना संगणकाच्या खोलीपासून दूर ठेवू नका. निकालाचे, इस्पितळांचे, बँकांचे सर्व्हर अहोरात्र चालतात आणि त्यांच्या राखणीसाठी माणसे लागतात. त्या जागी आपलीही मुले-मुली दिसावीत, असे ज्याला वाटते त्याने सुरुवात शाळेतूनच केली पाहिजे.

आपल्या संस्थेतील प्रत्येक बाक, प्रत्येक पुस्तक आणि प्रत्येक संगणक कोणाच्या तरी घामाच्या पैशातून आलेला आहे. तो पैसा मागण्यापूर्वी आहे त्याचा हिशेब देणे, हे आपले कर्तव्य ठरते. आणि हिशेब देताना सामाईक ओझे एकाच्याच माथी मारायचे नाही, मोठा दिसतो म्हणून निरपराधाला दोषी धरायचे नाही, अमानत परत न करणारा लहान असला तरी त्याला सोडायचे नाही, एवढे आपण मेमरीच्या या मोजणीतून शिकलो तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन. मापात पाप नको, असे आपली मराठी भाषा सांगते. ते तराजूला जितके लागू आहे, तितकेच सर्व्हरलाही आहे.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी सूचना आहे, की आपल्या संगणक कक्षात अशी एक नोंदवही या वर्षापासून सुरू करावी आणि ती विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. पुढल्या संमेलनात हे व्याख्यान त्या वहीच्या आधारे एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने द्यावे आणि मी समोरच्या खुर्चीत बसून ऐकावे, अशी माझी इच्छा आहे. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.